दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण

मावळातील औंढे हे गाव लोणावळ्याच्या इतके निकट आहे की, घाटमाथ्यावर आगगाड्या थांबतात आणि काही वेळाने पुन्हा निघतात, हा व्यवहार तेथील माणसांच्या अंगवळणी पडून गेलेला आहे. मुंबईकडे उतरणारी गाडी बोरघाटाच्या तोंडाशी उभी केली जाते, तिच्या ब्रेकची परीक्षा होते, आणि ती परीक्षा उतरल्याखेरीज सदतीस फुटांत एक फूट खाली जाणाऱ्या त्या रुळांवर तिला सोडले जात नाही. एवढ्यावरही भागत नाही, म्हणून उतारावर ठिकठिकाणी मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारे आडरूळ घातलेले आहेत. गाडी अनावर झालीच, तर तिने दरीत न जाता त्या चढावर जाऊन आपला वेग गमवावा, अशी ती तजवीज आहे. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तेव्हापासून इंजिने बदलली, ब्रेक बदलले, डबे बदलले. परंतु जेथे चूक पचविण्यास जागा आहे तेथेच परीक्षा घ्यावी, आणि परीक्षेत उणे निघाले तर काय करावयाचे हे परीक्षेपूर्वीच ठरलेले असावे, या दोन गोष्टींची आवश्यकता तिळमात्र कमी झालेली नाही.

याच घाटमाथ्यावरून, लोहगड आणि विसापूर यांच्या वरच्या आकाशातून, मुंबई व पुणे यांकडे जाणारी-येणारी विमाने दिवसरात्र जात असतात. त्यांपैकी प्रत्येक विमान आपल्या आयुष्यात अनेकदा कारखान्यात उघडले गेलेले असते. त्याचे भाग काढून तपासले जातात, काही बदलले जातात, तारा आणि नळ्या सुट्या करून पुन्हा जोडल्या जातात. अशा मोठ्या देखभालीनंतर काही विशिष्ट प्रसंगी, एकही प्रवासी न घेता, केवळ विमानाची तपासणी करण्यासाठी एक उड्डाण करावे लागते, व ते करणाऱ्या वैमानिकाला त्या कामाचे स्वतंत्र शिक्षण द्यावे लागते. आकाशात आडरूळ नाहीत. ते उंचीच्या, वेळेच्या आणि पूर्वनिश्चयाच्या रूपाने वैमानिकाला स्वतःच घालून घ्यावे लागतात. ते कसे घालावेत, हे शिकविणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

जमिनीवर न उलगडणारे प्रश्न

प्रत्येक दुरुस्तीनंतर असे उड्डाण करावे लागते, अशी कल्पना कोणी करून घेऊ नये. विमानाच्या देखभालीचे बहुतेक सर्व काम जमिनीवरच पुरे होते व जमिनीवरच पारखले जाते. चाक बदलले, पंप बदलला, संगणकाची पेटी बदलली, तर हँगरमध्ये विमान जॅकवर उचलून, यंत्रणेत दाब भरून, मोजमापे घेऊन जबाबदार इंजिनिअर आपली सही करतो आणि विमान सेवेत परत सोडल्याचा दाखला देतो. परंतु काही प्रश्न असे असतात की, त्यांचे उत्तर प्रत्यक्ष वाहणाऱ्या हवेवाचून मिळत नाही. शेपटीवरील एलिव्हेटरचा एखादा लहान पट्टा चुकीचा बसला असेल, तर तो उभ्या विमानात निरुपद्रवी दिसतो. ताशी चारपाचशे किलोमीटरांचा वारा त्यावर आदळू लागला म्हणजेच त्याचा खरा स्वभाव प्रकट होतो. पुनःपुन्हा उद्भवणारा आणि जमिनीवर आणताच नाहीसा होणारा दोष, दीर्घकाळ उभे करून ठेवलेले विमान पुन्हा चालू करणे, भाडेकराराची मुदत संपून विमान मालकाच्या ताब्यात परत जाणे, अथवा निर्मात्याच्या पुस्तकातच अमुक कामानंतर उड्डाणात तपासणी करावी असा स्पष्ट हुकूम असणे, ही अशा उड्डाणाची नेहमीची निमित्ते होत.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. नव्या रचनेचे विमान पहिल्यांदा आकाशात नेणारा चाचणी-वैमानिक आणि दुरुस्त झालेले जुने विमान तपासणारा वैमानिक यांचे काम दिसण्यात सारखे असले, तरी त्यांच्यापुढील अज्ञात वेगवेगळे असते. पहिल्याला रचनाच अपरिचित असते. तिचा प्रत्येक गुण तो हळूहळू, पायरीपायरीने उलगडीत जातो. दुसऱ्याला रचना पूर्णपणे परिचित असते. ते विमान त्याने शेकडो तास चालविलेले असते, त्याची पुस्तके त्याला मुखोद्गत असतात. अपरिचित असते ती फक्त त्या एका विमानाची आजची अवस्था, म्हणजे कालपरवा त्याच्यावर फिरलेल्या पंचवीस-पन्नास हातांनी काय केले आणि काय करावयाचे राहिले ती. वरवर पाहता दुसऱ्याचे काम सोपे वाटते. परंतु जेथे सर्व काही ओळखीचे आहे, तेथे सावधगिरी शिथिल होण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. नित्य प्रवासी वाहतूक करणारा निष्णात वैमानिक या कामास आपोआप पात्र ठरत नाही, याचे कारण हेच. नित्याच्या उड्डाणात विमानाच्या सर्व संरक्षक यंत्रणा आपले काम करतील, असे गृहीत धरून तो वागतो, आणि तसे वागणेच योग्य असते. तपासणीच्या उड्डाणात मात्र तेच गृहीत परीक्षेला बसलेले असते.

पर्पिन्याँचा धडा

हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे जगाला २७ नोव्हेंबर २००८ रोजी फार मोठी किंमत देऊन कळले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पर्पिन्याँ येथे एक एअरबस ए-३२० विमान देखभाल व रंगकाम आटोपून उभे होते. ते एअर न्यूझीलंडच्या मालकीचे असून एक्सएल एअरवेज जर्मनी या कंपनीकडे भाडेकराराने होते, आणि आता मालकाकडे परत जाणार होते. त्या विमानात दोन जर्मन वैमानिक, न्यूझीलंडचा एक वैमानिक, तिकडचेच तीन इंजिनिअर आणि तेथील नागरी विमानवाहतूक खात्याचा एक अधिकारी असे सात इसम बसले. करारानुसार विमानाची तपासणी व्हावयाची होती व तिची यादी तयार होती. परंतु अशा उड्डाणाची पूर्वसूचना हवाई वाहतूक नियंत्रणाला यथायोग्य दिलेली नव्हती. इतर वाहतुकीच्या आकाशात अशा हालचाली करण्यास मुभा मिळाली नाही, म्हणून उड्डाण आखडते घ्यावे लागले आणि यादीतील कामे जमतील तशी, वाटेतच उरकली जाऊ लागली.

त्या यादीत मंद गतीची एक तपासणी होती. विमान मुद्दाम हळू हळू नेत गेले, म्हणजे धोक्याच्या सीमेवर त्याचा संगणक आपण होऊन हस्तक्षेप करतो व विमानाला स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांवरील हवेचा आधार तुटण्याच्या अवस्थेत, जाऊ देत नाही. तो हस्तक्षेप खरोखर होतो की नाही, हे पाहावयाचे होते. ही तपासणी १४,००० फुटांवर करावयाची असते. ती प्रत्यक्षात झाली सुमारे ३,००० फुटांवर, उतरण्याच्या तयारीत असताना. औंढ्याच्या पूर्वेस उभ्या असलेल्या लोहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० फूट उंच आहे, हे ध्यानात घेतले, म्हणजे तीस-चाळीस मीटर लांबीचे ते विमान किती अल्प अवकाशात आपल्या अंतिम मर्यादेकडे नेले जात होते, याची कल्पना येते.

हस्तक्षेप झाला नाही. काही दिवसांपूर्वी, रंगकामाच्या सुमारास, विमानाचे अंग पाण्याने धुतले गेले होते. समोरून येणारा वारा पंखांशी कोणता कोन करतो, हे मोजणारे तीन छोटे संवेदक विमानाच्या नाकाजवळ बाहेरच्या बाजूस असतात. धुण्याच्या वेळी त्यांवर संरक्षक आच्छादन घातलेले नव्हते. त्यांत शिरलेले पाणी उंचीवरील थंडीत गोठले, आणि तिघांपैकी दोघे एकाच कोनावर खिळून बसले. संगणकाचा शिरस्ता असा की, तिघांपैकी दोघांची साक्ष जुळली तर तिसऱ्याची साक्ष अमान्य करावी. दोन खोट्या साक्षी जुळल्या आणि खरे सांगणारा एकटा बाजूस सारला गेला. दरम्यान विमानाचा वेग घटत असता यंत्रणेने शेपटीचा आडवा पंख नाक वर नेणाऱ्या टोकापर्यंत आपण होऊन फिरवून ठेवला होता. धोक्याची सूचना वाजली तेव्हा वैमानिकांनी शक्ती वाढविली खरी. परंतु तो पंख हाताने पूर्ववत करावा लागेल, हे पडद्यावर उमटलेले असूनही त्या क्षणाच्या गोंधळात ध्यानात आले नाही. विमान वर उसळले, त्याचा तोल गेला आणि ते भूमध्य समुद्रात कोसळले. सातही जण मृत्युमुखी पडले.

फ्रेंच अन्वेषण संस्थेने २०१० साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील विमानशास्त्राच्या भागाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा भाग हा की, अशा प्रकारच्या उड्डाणासाठी लागणारे शिक्षण व अनुभव त्या वैमानिकांपाशी नव्हता, आणि तो असावाच अशी सक्ती करणारा स्पष्ट नियमही नव्हता. ते कुशल वैमानिक होते. त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु ज्या यंत्रणेची परीक्षा आपण घेत आहोत ती नापास झाल्यास काय करावयाचे, हा प्रश्न परीक्षेपूर्वी कोणी मोठ्याने विचारलेला नव्हता.

धुण्यासारखे साधे काम विमानाच्या जिवावर कसे बेतते, याचा याहून जुना दाखला पेरू देशातील आहे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ विमानाच्या हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर, साफसफाईच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. उंची आणि वेग दोन्ही खोटे दाखविले जाऊ लागले आणि ७० माणसे प्राणास मुकली. म्हणूनच तपासणी-वैमानिकाच्या शिक्षणात विमानाभोवती पायी घालावयाच्या फेरीला अनन्यसाधारण महत्त्व दिले जाते. नित्याच्या फेरीत तो विमान जसे असावे तसे आहे ना, एवढे पाहतो. या फेरीत हातात कामाची यादी घेऊन, ज्या ज्या जागी माणसाचा हात फिरला त्या त्या जागी तो थांबतो.

तोंडी निरोप आणि लेखी नोंद

पर्पिन्याँच्या दुर्घटनेला दोन महिनेही उलटले नाहीत, तोच १२ जानेवारी २००९ रोजी इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या आकाशात आणखी एक प्रसंग घडला. ईझीजेट कंपनीचे बोइंग ७३७ विमान भाडेकराराच्या अखेरीस परत द्यावयाचे होते. या विमानाचे एलिव्हेटर एरवी हायड्रॉलिक दाबाने हलतात. तो दाब दोन्ही मार्गांनी बंद पडला, तर वैमानिकाने केवळ आपल्या बाहुबळाने, तारांच्या साहाय्याने विमान सांभाळावयाचे असते. तसे ते सांभाळता येते की नाही, हे पाहण्यासाठी १५,००० फुटांवर दाब मुद्दाम बंद करण्यात आला. विमानाने तत्क्षणी नाक खाली केले आणि ते वेगाने कोसळू लागले. वैमानिकांनी ते सावरले तेव्हा सुमारे ९,००० फूट उंची खर्ची पडलेली होती. विमानातील चौघेही सुखरूप परतले, याचे श्रेय त्यांच्या प्रयत्नांइतकेच त्यांनी निवडलेल्या उंचीलाही दिले पाहिजे. हीच गोष्ट ३,००० फुटांवर घडती, तर अहवाल लिहिण्यास साक्षीदार उरले नसते.

कारण शोधता असे आढळले की, देखभालीपूर्वीच्या एका उड्डाणात याच एलिव्हेटरच्या समतोलाविषयी जे निरीक्षण झाले होते, ते कारखान्यापर्यंत रीतसर लेखी दप्तरातून न जाता अनौपचारिक मार्गाने गेले. ते तेथे पोहोचेपर्यंत दिशेचा घोटाळा झाला, आणि समतोलाचा पट्टा जिकडे वळवावयास हवा होता त्याच्या नेमका उलट वळविला गेला. कामगाराने आळस केला नव्हता. त्याने दिलेले काम चोख केले होते. चुकला तो निरोप. वैमानिकाची भाषा आणि कारखान्याची भाषा यांमध्ये हे अंतर नेहमीच असते. ‘विमान थोडे जड वाटते’ असे वैमानिक म्हणतो, तर कारखान्याला हवे असते ते अमुक वेगाला, अमुक उंचीवर, चाक अमुक अंश अमुक दिशेला फिरवावे लागले, असे मोजमाप. तपासणी-वैमानिकाच्या शिक्षणक्रमात लेखनाचा अभ्यास असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. परंतु विमान उतरल्यानंतर, आठवण ताजी असताना, इंजिनिअरसमोर बसून केलेली बिनचूक नोंद ही पुढच्या उड्डाणाचा प्राण वाचविणारी गोष्ट असते.

सिम्युलेटरची सीमा

तर मग हे सर्व सिम्युलेटरमध्ये का शिकवू नये, असा प्रश्न सहजच उद्भवतो. शिकविले जाते आणि शिकवावेच. परंतु त्या साधनाची मर्यादा २२ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील नॅरोज या गावाजवळ उघडकीस आली. एअरबोर्न एक्सप्रेस कंपनीचे एक डीसी-८ मालवाहू विमान मोठे फेरबदल झाल्यानंतर तपासणीसाठी उडाले होते. तीन वैमानिकदलाचे आणि तीन तंत्रज्ञ असे सहा जण त्यात होते. स्टॉलच्या सीमेपर्यंत विमान नेऊन त्याचा वेग नोंदवावयाचा, हे एक काम यादीत होते. रात्रीची वेळ होती, आणि बाहेर पाहून विमान किती कलले हे सांगणारे क्षितिज दिसत नव्हते. दांडा थरथरवून आगाऊ सूचना देणारी यंत्रणा त्या दिवशी चालली नाही. विमान स्टॉलमध्ये गेले, आणि नाक खाली सोडून वेग मिळवू देण्याऐवजी दांडा मागे ओढलेलाच राहिला. सहाही जण दगावले. अन्वेषणात असे निष्पन्न झाले की, ज्या सिम्युलेटरवर स्टॉलचा सराव झाला होता, त्यातील विमान त्या अवस्थेत प्रत्यक्ष डीसी-८ प्रमाणे वागतच नव्हते.

सिम्युलेटर हा मोजलेल्या माहितीवर उभा असतो. नित्याच्या उड्डाणकक्षेची माहिती विपुल असते, म्हणून तेथे त्याची साक्ष विश्वासार्ह ठरते. कक्षेच्या कडेला माहिती विरळ होत जाते आणि साक्ष डळमळीत होते. तपासणीचे उड्डाण तर पुष्कळदा त्या कडेलाच जाते. म्हणून चांगला शिक्षक सिम्युलेटरचा उपयोग क्रम, संवाद आणि निर्णय पक्के करण्यासाठी करतो, आणि विमान हातात कसे वाटेल, हे मात्र प्रत्यक्ष आकाशात, अनुभवी वैमानिकाच्या शेजारी बसून शिकावयास लावतो.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या सर्व घटनांचा परिणाम म्हणून २०११ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि २०१९ साली युरोपीय संघाने देखभालीनंतरच्या तपासणी-उड्डाणांसाठी स्वतंत्र नियम केले. त्या नियमांनी अशा उड्डाणांच्या दोन श्रेणी पाडल्या. ज्या उड्डाणात आणीबाणीच्या कृती वापरण्याचा संभव आहे, किंवा राखीव यंत्रणेची परीक्षा घ्यावयाची आहे, ती ‘अ’ श्रेणी, आणि बाकीची सर्व ‘ब’ श्रेणी. मोठ्या, गुंतागुंतीच्या विमानावर ‘अ’ श्रेणीचे उड्डाण करणाऱ्या कप्तानाने पुरेसा अनुभव तर मिळविलेला असावाच. शिवाय त्याने खास शिक्षणक्रम पुरा केलेला असावा, आणि तो सिम्युलेटरवर झाला असल्यास स्वतः कप्तान होण्यापूर्वी एका प्रत्यक्ष तपासणी-उड्डाणात सहवैमानिक अथवा निरीक्षक म्हणून बसलेले असावे, असा दंडक घालण्यात आला.

या शिक्षणात वैमानिकाच्या हाती प्रथम दिली जाते ती तपासणीची यादी, आणि ती वाचावयाची कशी हे त्याला शिकविले जाते. प्रत्येक कलमाशी त्याने चार गोष्टी उड्डाणापूर्वीच लिहून काढावयाच्या असतात: काय करावयाचे, काय घडावे अशी अपेक्षा, कोणत्या मर्यादेपलीकडे गेल्यास तपासणी सोडून द्यावयाची, आणि सोडताना नेमके कोणते हात कोठे जातील. चाके खाली सोडण्याच्या राखीव मार्गाचे उदाहरण घ्यावे. ए-३२० विमानात दोन्ही वैमानिकांच्या मधल्या चौकटीवर एक घडीचा हस्तक असतो. तो उघडून तीन फेरे फिरविला की कुलुपे सुटतात आणि चाके केवळ आपल्या भाराने, पोटाखालची दारे ढकलीत खाली येतात. बोइंग ७३७ मध्ये त्याच कामासाठी जमिनीतील एका झाकणाखाली तीन ओढण्या असतात, प्रत्येक चाकासाठी एक. बाहेर घरघर आणि हादरा, समोर एकामागून एक तीन हिरवे दिवे. सर्व काही यथास्थित झाले तर हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. परंतु दोनच दिवे लागले, तर? तिसऱ्याची वाट किती सेकंद पाहावयाची, विमानाचा वेग तोपर्यंत कोणत्या मर्यादेत ठेवावयाचा, एक वैमानिक दिव्यांकडे पाहत असता विमान कोण चालवीत आहे, आणि एका चाकावाचून उतरण्याची वेळ आलीच, तर लांब धावपट्टीचे, अग्निशामक दल सज्ज असलेले विमानतळ किती अंतरावर आहे, या प्रश्नांची उत्तरे हस्तकाला हात लावण्यापूर्वी ठरलेली असली पाहिजेत. ती तशी ठरलेली असणे, हेच शिक्षण.

दुसरा पाठ स्थळकाळाचा असतो. दिवसाचा उजेड, स्वच्छ क्षितिज, ढगांपासून अंतर, पायाखाली विरळ वस्ती, आणि नियंत्रणाने केवळ त्या उड्डाणासाठी राखून दिलेला आकाशखंड, एवढ्या गोष्टी जुळल्याखेरीज कडेची कोणतीही तपासणी हाती घ्यावयाची नसते. या दृष्टीने पाहता औंढ्याच्या वरचे आकाश अशा कामास सर्वस्वी अयोग्य ठरते. मुंबईच्या वाहतुकीची वर्दळ, लोहगावच्या लष्करी तळाचे सान्निध्य, घाटाच्या तुटलेल्या कड्यांवर उसळणारा वारा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंगरांवर टेकून बसणारे मेघ यांनी ते व्यापलेले असते. नकाशा समोर ठेवून, ‘येथे का नको’ याचे सकारण उत्तर विद्यार्थ्याकडून काढून घेणे ही शिकविण्याची एक उत्तम रीत आहे. कारण योग्य जागा निवडण्यापेक्षा सोयीची पण अयोग्य जागा नाकारणे अधिक कठीण असते.

तिसरा पाठ माणसांचा. अशा विमानात पुष्कळदा इंजिनिअर बसलेला असतो, मालकाचा प्रतिनिधी असतो, कधी खात्याचा निरीक्षक असतो. यांतील प्रत्येकाला काही पाहावयाचे असते व प्रत्येकाला घाई असू शकते. विमान आज संध्याकाळी सुपूर्द झाले नाही तर कराराची मुदत टळेल, ही जाणीव कोणी बोलून दाखविली नाही, तरी ती कॉकपिटमध्ये हजर असते. विद्यार्थ्याला शिकविले जाते ते असे की, विमानात केवळ कामापुरतीच माणसे घ्यावीत. कोण कोणत्या क्षणी बोलेल हे जमिनीवरच ठरवावे. आणि यादीत नसलेली, अथवा ठरल्या उंचीवर व ठरल्या क्रमाने करता न येणारी कोणतीही तपासणी, ती कोणी कितीही सहजपणे सुचविली तरी, हवेत पत्करू नये. पर्पिन्याँच्या उड्डाणाचा ऱ्हास जेथून सुरू झाला, ते स्थळ हेच होय.

ओझरची परंपरा

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. नाशिकजवळील ओझर येथे १९६४ साली मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि पुढे सुखोई-३० एमकेआय विमानांची बांधणी व संपूर्ण ओव्हरहॉल ही कामे तेथे होऊ लागली. वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपो याच ओझरला आहे. तेथे सुटे करून पुन्हा जोडलेले पहिले सुखोई २०१८ च्या एप्रिलमध्ये वायुसेनेच्या सुपूर्द करण्यात आले. अशा प्रत्येक विमानाला तुकडीत जाण्यापूर्वी आकाशात आपली परीक्षा द्यावी लागते, म्हणून निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरून ही परीक्षा-उड्डाणे वर्षानुवर्षे होत आलेली आहेत.

त्यांतील जोखीमही निफाड तालुक्याने पाहिली आहे. २७ जून २०१८ रोजी ओझरहून चाचणीसाठी निघालेले एक सुखोई निफाड तालुक्यात शेतात कोसळले, आणि ४ जून २०२४ रोजी दुसरे एक त्याच तालुक्यातील शिरसगाव येथे पडले. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन बचावले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूर येथे मात्र दैव तितके अनुकूल नव्हते. उन्नत केलेले मिराज-२००० विमान स्वीकृतीपूर्व उड्डाणासाठी निघताना अपघात होऊन स्क्वाड्रन लीडर समीर अब्रोल आणि स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ नेगी हे दोन तरुण चाचणी-वैमानिक प्राणास मुकले. कारखान्यातून आलेले विमान तुकडीतील इतरांना निर्धास्तपणे चालविता यावे, म्हणून ते प्रथम स्वतः चालविणारी ही माणसे असतात, आणि त्यांचे ऋण समाजाच्या ध्यानात क्वचितच येते.

सैनिकी वैमानिकांना या कामाचे शिक्षण देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९५७ साली कानपूर येथे सुरू झालेली विमाने व शस्त्रास्त्रे यांची परीक्षा करणारी तुकडी १९७२ साली नव्या स्वरूपात पुनर्रचित झाली, बंगळूरला स्थिरावली, आणि तिच्या छत्राखाली चाचणी-वैमानिकांचे विद्यालय उभे राहिले. तेथे वैमानिक आणि इंजिनिअर एकाच वर्गात शेजारी बसून शिकतात, एकाच उड्डाणाचा अहवाल दोघांनी मिळून लिहितात, आणि वैमानिकाची भाषा व कारखान्याची भाषा यांमधील जे अंतर नॉरफोकच्या आकाशात प्राणांवर बेतले होते, ते तेथे विद्यार्थिदशेतच मिटविले जाते.

नागरी क्षेत्रात लष्करी वैमानिकाला मिळणारे सुटकेचे आसन नसते. प्रवासी विमानातील तपासणी-वैमानिकाला विमान खाली आणण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून त्याच्या बाबतीत पूर्वनिश्चयाची महती शतपटीने वाढते. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियाच्या बोइंग विमानांसाठी देखभालीचे मोठे केंद्र उभे राहिले आहे. देशातील विमानांची संख्या वाढत आहे, भाडेकराराने येणारी-जाणारी विमाने वाढत आहेत, आणि पूर्वी परदेशी कारखान्यांत होणारे मोठ्या तपासणीचे काम आता अधिकाधिक येथेच होऊ लागले आहे. हँगर बांधणे हे भांडवलाचे काम आहे, इंजिनिअर घडविणे हे विद्यालयांचे काम आहे. परंतु या दोहोंचा शेवट ज्या एका उड्डाणात होतो, त्या उड्डाणाचा वैमानिक घडविणे याकडेही तितक्याच आस्थेने पाहिले गेले पाहिजे.

आणि त्या वैमानिकाचे मोल कसे मोजावे, हेही व्यवस्थापनांनी शिकले पाहिजे. यादीतील वीसच्या वीस कलमे पुरी करून आलेला वैमानिक यशस्वी, आणि सातव्या कलमापाशी अपेक्षित आकडा न दिसल्यामुळे उरलेली तेरा कलमे तशीच ठेवून परत आलेला अपयशी, असा हिशोब ज्या कंपनीत होतो, तेथे कितीही उत्तम शिक्षणक्रम आखला तरी तो फुकट जाईल. कारण पुढच्या खेपेस तो वैमानिक आठव्या कलमाकडे वळेल. वास्तविक विमान तपासावयास पाठविले जाते ते त्यात काही उणे असल्यास कळावे म्हणूनच. सातव्या कलमापाशी परत आलेल्या वैमानिकाने आपले काम पूर्ण केलेले असते, आणि त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या यादीवर इंजिनिअरने काही न विचारता सही करून विमान पुन्हा हँगरात घ्यावे, ही रीत जेथे अंगवळणी पडली, तेथेच हे शिक्षण खऱ्या अर्थाने रुजले असे म्हणता येईल.